लेंडीखताचं अर्थशास्त्र

मी अर्थशास्त्र शिकवते असं कळलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारायचे. बायका म्हणायच्या, "मॅडम, सोनं अजून वाढणार का?" आणि पुरुष म्हणायचे, "यंदा उसाला दर काय बसंल?" दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मला देता यायचं नाही. मग ‘ही बाई शिकवते तरी काय’ अशा नजरेनं समोरचा माणूस माझ्याकडं बघत राहायचा. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात एका वक्त्यानं मला ‘आमच्या कॉलेजच्या अर्थमंत्री’ म्हटलं, टाळ्या घेतल्या आणि खाली बसल्याबसल्या हळूच सोन्याचं विचारलं.

माझं माहेर उंब्रज, सासर पलूसजवळचं कृष्णाकाठचं एक गाव. नवरा फौजेत, त्यामुळं घर, सासूबाई आणि नोकरी हे तिन्ही मी इथंच राहून सांभाळलं. गावच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र. आमच्याकडं पोरांची एक ठरलेली वाटणी असते. सायन्सला गेलेला हुशार, कॉमर्सला गेलेला व्यवहारी आणि आर्ट्सला आलेला उरलेला. या उरलेल्यांना मी नोकरीभर शिकवलं आणि खरं सांगते, एकही दिवस कंटाळा आला नाही. कारण हा विषय भलताच रंगतदार आहे. माणसाला हवं असतं पुष्कळ आणि हाताशी असतं थोडं. मग तो काय धरतो आणि काय सोडतो, एवढ्याचाच हा अभ्यास. चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या बैठकीत, एसटीत खिडकीची जागा धरताना तो चालूच असतो. पुस्तकात मात्र तो अशा भाषेत लिहिलेला असतो की पोरगं पहिल्या पानावरच झोपावं.

झोपणाऱ्यांत आमचा रणजित पहिला. वडील रिटायर सुभेदार, सगळं गाव त्यांना सुभेदार तात्या म्हणतं. तात्यांची नदीकाठी उसाची चांगली शेती आणि पोरगाही फौजेत जावा ही जिद्द. त्यामुळं रणजित पहाटे उठून भरतीसाठी पळायचा आणि माझ्या तासाला हिशेब चुकता केल्यासारखा डुलक्या घ्यायचा.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि तरी टोपल्यात बरीच उरली. दुसऱ्या दिवशी मी ती उचलून सरळ बारावीच्या वर्गात नेली.

"सगळ्यात जास्त भूक कुणाला लागलीय?"

"रणज्याला! पळून आलाय तो!" सगळा वर्ग ओरडला.

त्याला पुढं बोलावलं. एक जिलेबी दिली. "दहापैकी किती गुण?"

"दहा, मॅडम. दहाला दहा."

दुसरीला नऊ मिळाले. पुढं पुढं तो विचार करायला लागला. पाच म्हणाला, दोन म्हणाला. मी देतच राहिले. शेवटी पोटावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, आता दिलीसा तर मी खिडकीतनं उडी टाकीन."

"लिहा!" मी फळ्याकडं धावले. "घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत! आणि ही खिडकीतली उडी म्हणजे ऋण उपयोगिता!"

वर्ग हसून लोळत होता, तेव्हा दुसऱ्या बाकावरनं एक बारीक आवाज आला. "मॅडम, जिलेबी तर तीच हाय. मग तिची किंमत कमी कशी झाली?"

ही माया. धनगराची पोर, मूळ आटपाडीकडची. आईवडील मेंढरं घेऊन वर्षातले निम्मे महिने फिरतीवर, म्हणून ती आमच्या गावात मामाकडं राहून शिकत होती. वर्गात क्वचितच तोंड उघडायची.

मी म्हटलं, "जिलेबीची किंमत नाही कमी झाली. रणजितला पुढच्या जिलेबीची वाटणारी किंमत कमी झाली."

ती म्हणाली, "म्हंजे किंमत जिलेबीत नसतीच? माणसात असती?"

शिकवणाऱ्याच्या आयुष्यात असं वाक्य रोज ऐकायला मिळत नाही. पुस्तकं लिहिणाऱ्या मोठमोठ्या लोकांना हे उमगायला पिढ्या लागल्या आणि इथं एक पोरगी जिलेबी बघून ते बोलून बसली! मी त्या आनंदात उरलेली सगळी टोपली तिच्या पुढ्यात ठेवली. घंटा झाली तरी कुणी उठेना. त्या दिवसापासून वर्गाला चटक लागली. पोरं रोज नवं काहीतरी घेऊन यायची. बसवाल्यानं जत्रेच्या दिवशी भाडं का वाढवलं, शेजारच्या दोन भडंगवाल्यांनी एकाच दिवशी दर का उतरवला. रणजितच्या डुलक्याही बंद झाल्या.

आणि मग जानेवारीत ती भानगड झाली.

आमच्या भागात दिवाळी सरली की पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातून मेंढपाळ येतात. ऊस तुटलेल्या, मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं चरतात आणि रात्री शेतकरी आपल्या शेतात कळप बसवून घेतो. रातभर मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. असलं खत दुसरं नाही. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो, वर थोडं काही देतो. हा रिवाज आजा-पणजापासूनचा. मायाचे वडील, बिरू आबा, दर वर्षी आमच्याच गावच्या शिवारात उतरायचे.

त्या वर्षी एका सकाळी कळप एका रानातून दुसऱ्या रानात चालला होता. वाट अरुंद, शेजारी सुभेदार तात्यांचा खोडवा. खोडवा म्हणजे ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक. कोवळे फुटवे हिरवेगार, हातभर उंच. पुढची मेंढरं आत घुसली आणि मेंढराचं असं असतं की एक गेलं की सगळी जातात. आबा, त्यांची बायको, कुत्री, सगळ्यांनी मिळून कळप बाहेर काढेपर्यंत कितीतरी सऱ्या साफ झाल्या होत्या.

तात्या तिथं पोचले आणि तोंडाला आलं ते बोलले. आबांनी पागोटं काढून पायांशी ठेवलं. तात्यांनी ते बघितलंही नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा, यापुढं एकही कळप शिवारात येऊ द्यायचा नाही. आलेल्यांनीही आठ दिवसांत हलायचं.

दुसऱ्या दिवशी माया वर्गात नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हती. रणजित होता, पण मागच्या बाकावर जाऊन बसला होता आणि पोरं दोन गटांत वाटली गेली होती. शेतकऱ्यांची पोरं एकीकडं. मायासारखी माणदेशाकडनं आलेली चार-पाच पोरं दुसरीकडं. ज्या वर्गात जिलेबीवरनं दंगा व्हायचा तिथं कुणी कुणाशी बोलेना.

मी मायाच्या मामाच्या घरी गेले. ती दारातच शिंदीचा झाडू बांधत बसली होती.

"कॉलेजला का येत नाहीस?"

"कशाला येऊ, मॅडम? बाप हिकडनं हालणार. मग माझं बी हितलं दाणापाणी संपलं. आणि वर्गात गेले की समदी माझ्याकडं असं बघत्यात, जसा ऊस मीच खाल्लाय."

"उद्या ये," मी म्हटलं. "उद्याचा तास तुझ्याशिवाय होणार नाही."

खरं म्हणजे उद्या मी काय करणार हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. घरी चालत येताना, कालव्याच्या पुलावर, ते सुचलं. सुचलं आणि मी अशी भराभर चालायला लागले की समोरून येणाऱ्या शेजारणीनं विचारलं, "आवं मॅडम, कोण आजारी हाय का?"

सकाळी प्राचार्यांना सांगितलं. माणूस भला, पण भांडणाचा वास आला की त्यांची केबिन आतून बंद व्हायची. म्हणाले, "मॅडम, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. उजळणी घ्या. सुभेदार तात्या आपल्या संस्थेच्या स्थानिक समितीवर आहेत, हे तुमच्या लक्षात आहे ना? या वर्षी अर्थशास्त्राला पोरं कमी आहेत. विषय चालू ठेवायचा की नाही हेही समितीतच ठरतं."

"सर, मी उजळणीच घेणारे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

वर्गात गेले. माया आली होती. मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘शेतकरी’, दुसऱ्या बाजूला ‘मेंढपाळ’. "आज इथं ग्रामसभा आहे. रणजित आणि त्याच्याकडची सगळी मंडळी मेंढपाळ. माया आणि तिच्याकडची सगळी शेतकरी. जो तो समोरच्याच्या बाजूनं भांडणार. आपली बाजू मांडली तर बाहेर उभं करीन."

"मॅडम, हे कसं काय?" रणजित उठून उभा राहिला.

"बिरू आबाचं काय नुकसान होतंय ते तुला सांगता आलं पाहिजे. सुरू कर."

पहिली काही मिनिटं नुसतं अडखळणं. मग माया बोलायला लागली. हळूहळू तिचा आवाज वर चढला. "फुटवा एकदा खाल्ला की त्यो पुन्ना तसा येत न्हाई. मागनं फुटतो, पर बारीक ऱ्हातो. म्हंजे हे एका दिवसाचं नुकसान न्हाई, पुऱ्या सालाचं हाय. खत घातलेलं गेलं, पाणी पाजलेलं गेलं. आणि आमी शेतकऱ्यानं कुणाला इचारायचं? कळप तर म्होरं निघून जातो!"

रणजितच्या बाजूचे सगळे तिच्याकडं बघतच राहिले. ते जे घरी ऐकत होते ते ही त्यांच्याहून चांगलं सांगत होती. आता रणजितला ईर्षा चढली.

"आन् आमी जायाचं कुठं? गावाकडं पाणी न्हाई, चारा न्हाई. हितं एक रान दिलं की दुसरं कुठाय ते म्हायत न्हाई. रोज फिरून इचारायचं. ह्याच्या बांधावरनं त्याच्या बांधावर. मग मेंढरं उसात शिरणार न्हाईत तर काय करणार? तुमी सलग रानं द्या, आमी शिरतोय का बघा!"

"थांब!" मी खडू उगारला. "हे काय बोललास?"

"काय मॅडम, चुकलं?"

"चुकलं नाही रे बाबा! पुन्हा बोल!"

भांडण मेंढरांचं नव्हतंच, माहितीचं होतं. कुणाचं रान कधी मोकळं होणार, खोडवा मोडून कोण नांगरणार, कुणाला खत हवंय, हे शेतकऱ्यांना ठाऊक आणि मेंढपाळांना नाही. पुस्तकात पूर्ण स्पर्धेच्या बाजाराच्या व्याख्येत शेवटी एक वाक्य असतं, की विक्रेत्यांना आणि ग्राहकांना पूर्ण माहिती हवी. पोरं ते वर्षानुवर्षं पाठ करतात. त्या दिवशी ते वाक्य उठून आमच्या शिवारात उभं राहिलं. मी ते फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की खडू मोडला.

"बरं," माया म्हणाली. ती आता पक्की शेतकरीण झाली होती. "वाट ठरली, रानं ठरली. तरी बी एकांदा कळप शिरलाच, तर भरपाई?"

"भरपाई कुठनं देऊ?" रणजित म्हणाला. "आमच्याकडं पैसा हाय का? आमच्याकडं हायत त्या लेंड्या."

वर्गात हशा फुटला. बाकं वाजली. हसता हसता मायाला काहीतरी सुचलं.

"मग लेंड्याच द्या," ती म्हणाली.

"आं?"

"पैसं नकोत. ज्याचं नुकसान झालं त्याच्या रानात कळप फुकट बसवा. नुकसान भरंस्तोवर. मेंढरं कुठंतरी बसणारच हायत, तुमचं त्यात लय जात न्हाई. आमाला मात्र खत मिळतंय. आमाला त्याची किंमत जास्त हाय."

मी खुर्चीवर बसले. देणाऱ्याला स्वस्त आणि घेणाऱ्याला मोलाचं! माणसं एकमेकांशी देवघेव का करतात याचं सगळं मर्म या दोघांनी भांडत भांडत शोधून काढलं होतं. रणजित आणि माया फळ्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि आपण काय केलंय हे त्यांना कळलंही नव्हतं. मी म्हटलं, "पोरांनो, हे ग्रामसभेत सांगायचं."

वर्गातला दंगा तिथंच विरला. फळ्यापुढं भांडणं वेगळं, गावापुढं उभं राहणं वेगळं. रणजित म्हणाला, "मॅडम, तात्या मला घराबाहेर काढतील."

"मग नको बोलूस."

माया म्हणाली, "मी बोलते. तू नुसता शेजारी उभा ऱ्हा."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर चावडीसमोर ग्रामसभा भरली. एरवी सभेला माणसं गोळा करावी लागतात, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. बिरू आबा आणि आणखी दोन मेंढपाळ पार कडेला, झाडाखाली उभे. सरपंचबाईंनी ठराव वाचायला घेतला तेवढ्यात मी हात वर केला. "बारावीच्या मुलांना या विषयावर थोडं बोलायचंय." प्राचार्य समोरच्या रांगेत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

माया उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली ती तात्यांच्या नुकसानीपासून. फुटवा, पाणी, खत, सगळं. तात्या लढायच्या तयारीनं आले होते. धनगराची पोरगी आपलीच बाजू मांडतेय हे बघून त्यांना काय करावं कळेना. बायकांतून आवाज आला, "खरं बोलतीया पोर."

मग ती रानांच्या वाटपावर आली आणि अडली. कुठली रानं कधी मोकळी होतात हे तिला शेतकऱ्यांसमोर सांगायचा धीर होईना. तेव्हा रणजित पुढं झाला.

तात्या गरजले, "तू कुणाच्या बाजूनं रं?"

"तुमच्याच, तात्या. पर ऐका तरी."

आणि तो बोलला. नदीकडची रानं आधी तुटतात, त्यातली नांगरायची कुठली, कळप कालव्याच्या कडेनं कसा न्यायचा, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी आणि कधी कळवायचं. शेवटी भरपाईचं सांगितलं. ‘लेंड्या’ हा शब्द आला तशी सभा हसली, पण हसणं लवकर थांबलं. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "रासायनिक टाकून टाकून जमीन दगड झाल्याय. मला तर खत पायजेच. माझ्या रानात घाला पहिल्यांदा." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. कुणाच्या रानात आधी, यावरच वाद लागला! मागणी वाढताना मी डोळ्यांनी बघत होते.

तात्या हा वाद ऐकत होते. मग झाडाखाली बघून म्हणाले, "बिरू, हिकडं ये."

आबा आले.

"माझ्या रानात कळप बसवशील?"

"तुमी म्हणाल तवर, तात्या."

"मी म्हणीन तवर नको. दोघं शेतकरी, दोघं तुमचे, चौघांनी रान बघायचं आणि ठरवायचं. माझ्या घरचं कुणी न्हाई त्यात." मग पोराकडं वळून एवढंच म्हणाले, "बस आता खाली. पाय दुखतील."

ठराव झाला नाही. एक वर्ष असं करून बघू, असं ठरलं. मी घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगताना मलाच रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "येडी का खुळी, चांगलं झालं तर रडतीस कशाला?"

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. एका मेंढपाळाला या अटी जाचक वाटल्या, तो त्याच आठवड्यात कळप घेऊन पाटणकडं निघून गेला. शेजारच्या गावानं बंदी घातली ती अजून उठलेली नाही. रणजितला बोर्डाच्या परीक्षेत अर्थशास्त्रात जेमतेम गुण पडले. पुरवठ्याच्या उत्तरात त्यानं मेंढरांवर पानभर लिहिलं होतं, असं त्यानंच सांगितलं. तपासणाऱ्यानं काय समजून घेतलं असेल कोण जाणे. त्याची मला अजून हळहळ आहे. भरतीत मात्र तो पास झाला आणि फौजेत गेला. आमच्या गावची व्यवस्था टिकली. जूनमध्ये अर्थशास्त्राला एवढे प्रवेश आले की प्राचार्यांनी मला बोलावून, जणू ही त्यांचीच कल्पना होती अशा थाटात, जादा बाक मागवल्याचं सांगितलं.

निकालानंतर एका दुपारी बिरू आबा माझ्या दारात आले. पाठीमागं माया. आबांचा मुक्काम हलायचा होता, कळप आधीच पूर्वेच्या वाटेला लागला होता. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसले. मी चहा ठेवला. ते बराच वेळ पागोटं सारखं करत राहिले. मायाला बघायला पाहुणे येणार आहेत हे मला मामीकडनं कळलेलं होतं, म्हणून मी मनात भांडणाची तयारी करून ठेवली होती. सगळे मुद्दे जुळवले होते.

"मॅडम," आबा म्हणाले, "ह्ये तुमचं जे हाय, अर्थशास्त्र. ह्ये बारावीत संपतंय का म्होरं बी आसतंय?"

"पुढंही असतं, आबा."

"किती?"

मी मायाकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती, पण कान आमच्याकडंच होते.

"संपतच नाही," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. कप खाली ठेवला, उठले, काठी घेतली. "मग पावण्यास्नी नको म्हणून कळवतो. घाला हिला म्होरं. मेंढरू बी एका रानातलं चरून झालं की दुसऱ्या रानात न्यावंच लागतंय."

ते कळप गाठायला भराभरा चालू लागले. माया त्यांना निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून जी पळत सुटली ती माझ्या दारात येऊन थांबली आणि धापा टाकत म्हणाली, "मॅडम, सांगलीच्या कॉलेजला जायाची येष्टी किती वाजता हाय?"